टास्कबार गोठतो तेव्हा: पावसाळाभर वापरून पाहिलेले उपाय

देवगडात आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. दुकानातल्या विंडोज १० च्या जुन्या मशीनवर जूनपासून स्टार्ट मेन्यू आणि टास्कबार (स्क्रीनच्या तळाची पट्टी) वरचेवर गोठायला लागले. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, फॉरमॅट मार. फॉरमॅट न मारता पावसाळा गेला, दिवाळी गेली आणि मशीन आता नीट चालतंय. कुठला उपाय टिकला, कुठला नाही, ते लिहितो.

आधी लक्षण ओळखा. माउस फिरतो, उघड्या ब्राउझरमध्ये टाइपही होतं, पण स्टार्टवर कितीही क्लिक करा, ढिम्म. अशा वेळी उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. आमच्या भिंतीवर सव्वाबारा वाजलेले असायचे आणि स्क्रीनवर ११:५२ तसेच. घड्याळ थांबलं म्हणजे विंडोज एक्सप्लोरर अडकला. टास्कबार, डेस्कटॉपवरचे आयकॉन आणि फोल्डर हे सगळं तो एकच प्रोग्राम सांभाळतो, म्हणून सगळं एकदम बसतं. बाकी मशीन चालूच असतं, तेव्हा पॉवरचं बटण दाबून धरू नका.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडला की यादीत विंडोज एक्सप्लोरर निवडा आणि खाली उजवीकडचं रीस्टार्ट दाबा. पट्टी क्षणभर नाहीशी होते आणि परत येते. उघडे फोल्डर बंद होतात, पण ब्राउझरमधला अर्धा भरलेला अर्ज जागच्या जागी राहतो. समोर बाकावर एखादे आजोबा "झिला, माजो सातबारो मेळतलो मां आज?" म्हणून वाट बघत असतात, तेव्हा याची किंमत कळते. यादीत एक्सप्लोरर दिसलाच नाही, तर फाइल मेन्यूतून नवीन टास्क घेऊन 'एक्सप्लोरर डॉट ईएक्सई' टाका. रनची चौकट उघडणारी विंडोज आणि आर ही बटणांची जोडी तेव्हा कामाला येत नाही, कारण तीही एक्सप्लोररच्याच हातात असते.

घड्याळ चालू आहे आणि फक्त स्टार्ट उघडत नाही, असं असेल तर दुखणं वेगळं. २०१९ च्या १९०३ आवृत्तीपासून स्टार्ट मेन्यूची स्वतंत्र प्रोसेस आहे. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये जाऊन 'स्टार्टमेन्यूएक्सपिरिअन्सहोस्ट' बंद करा, ती आपोआप नव्याने सुरू होते.

हा झाला प्रथमोपचार. तेवढ्यावर भागलं नाही, काही दिवसांनी तेच. मग कारण शोधायला लागलो, तेव्हा आमच्याकडे दोन निघाली.

पहिलं कारण गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह. खराब पेनड्राइव्ह लावला की एक्सप्लोरर त्याच्या उत्तराची वाट बघत बसतो आणि टास्कबार त्याच्यासोबत अडकतो. पेनड्राइव्ह काढला की बऱ्याचदा पट्टी आपसूक सुटते. रीस्टार्टच्या आधी हे करून बघा.

दुसरं कारण मोठं. पावसात माडाची झावळी तारेवर पडली की लाईट गेलीच, आणि अचानक बंद पडलेल्या मशीनवर फायली अर्धवट लिहिल्या जातात. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून विंडोजच्या फायली दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड चालवल्या, आधी डिझमची रिस्टोअरहेल्थ, मग एसएफसी स्कॅननाऊ. क्रम हाच ठेवा, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फायली उचलतं तो साठा डिझम दुरुस्त करतं. डिझमला इंटरनेट लागतं आणि मध्येच एका आकड्यावर ते बराच वेळ थांबतं. घाबरून खिडकी बंद करू नका.

याने फरक पडला, पण खरा आराम हार्ड डिस्क बदलल्यावरच मिळाला. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रामने पिवळा इशारा दिलाच होता. सगळा डेटा आहे तसा एसएसडीवर, म्हणजे नव्या प्रकारच्या वेगवान डिस्कवर, क्लोन करून घेतला आणि सोबत लाईट गेली तरी मशीन चालू ठेवणारा यूपीएस बसवला. पैसे घालायचेच असतील तर या दोन गोष्टींत घाला, रॅम वाढवण्यात नको. त्यानंतरच्या महिन्यांत टास्कबार क्वचितच गोठला, तोही पेनड्राइव्हमुळे.

इंटरनेटवर सगळीकडे पॉवरशेलची एक लांबलचक कमांड मिळते, सगळी अ‍ॅप नव्याने नोंदवणारी. माझं मत विचाराल तर तिच्या वाटेला जाऊ नका. त्याआधी नवीन युजर अकाउंट काढून बघा. तिथे स्टार्ट नीट चालला, तर बिघाड तुमच्या प्रोफाइलमध्ये आहे, विंडोजमध्ये नाही.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हे मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. म्हणून अर्जांचं आणि पैशांचं काम नव्या मशीनवर हलवलं, जुन्यावर फक्त स्कॅनिंग आणि प्रिंट. नव्यावरही कंट्रोल, शिफ्ट, एस्केप हीच तीन बटणं चालतात, फक्त रीस्टार्ट खाली न शोधता वरच्या पट्टीत बघा.