जुन्या मॅसी १०३५ ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल आणि लिफ्टचं ऑइल: उन्हाळा, पावसाळा, थंडी काढल्यावरचा अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. इंजिनात १५डब्ल्यू-४० (हा जाडीचा नंबर), एपीआय सीआय-४ दर्जाचं (हा डिझेल इंजिन ऑइलचा दर्जा). मागच्या घरात, म्हणजे गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट (मागचं अवजार उचलणारी यंत्रणा) मिळून जे एकच घर आहे त्यात, नव्वद नंबर गिअर ऑइल काढून यूटीटीओ, म्हणजे गिअर आणि लिफ्ट दोन्हींना चालणारं ट्रॅक्टरचं ऑइल. इंजिनाच्या बाबतीत शंभर टक्के समाधानी आहे. मागच्या ऑइलबद्दलही समाधानी आहे, पण त्यापायी एक खर्च अंगावर आला आणि दुसरा येणार आहे. तो हिशेब खाली येईलच.

ट्रॅक्टर नानांनी ऐंशीच्या दशकात घेतलेला. टॅफे कंपनीचा १०३५, सिम्पसनचं तीन सिलिंडरचं इंजिन, ब्रेक ड्रमचे आणि कोरडे. शेत निफाड तालुक्यात. हे मुद्दाम सांगतो, कारण ऑइलचा नंबर ठरवताना गाव कुठलं हे बघावंच लागतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी पेपरात येते. एकाच ट्रॅक्टरला एकाच वर्षात ही दोन्ही टोकं सोसायची असतात. कोकणातल्या माणसाला माझी निवड जशीच्या तशी लागू होईल असं नाही.

आधी इंजिन, कारण तिथे फार गुंता नाही.

इतकी वर्षं चाळीस नंबर, म्हणजे मोनोग्रेड (एकाच नंबरचं) एसएई ४० पडत होतं; एसएई ही ऑइलच्या जाडीची मापपट्टी. आमच्या भागात जुन्या ट्रॅक्टरवाल्यांचा एक पक्का समज आहे की १५डब्ल्यू-४० पातळ असतं, ते नव्या गाड्यांना ठीक, जुन्या इंजिनाला जाडच हवं. यातली अर्धी गोष्ट खरी आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा (१५) थंडीतल्या वागण्याचा आणि नंतरचा आकडा (४०) इंजिन तापल्यावरचा. १०० अंशांना साधं ४० आणि १५डब्ल्यू-४० दोघंही एकाच पट्ट्यात बसतात. म्हणजे दुपारी नांगरताना इंजिनाला फरक कळतच नाही. फरक आहे तो पहाटे, सेल्फ मारताना. थंडीत चाळीस नंबर घट्ट होतं, इंजिन जड फिरतं, बॅटरीचा जीव जातो आणि चालू झाल्यावर वरच्या रॉकरपर्यंत ऑइल पोचायला वेळ लागतो. तोवर टॅपेटचा टकटक आवाज येत राहतो. प्रेशरचा काटा मात्र झटकन वर जातो, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. घट्ट ऑइल पंपापाशी दाब दाखवतं, पण टोकाला पोचलेलं नसतं. या थंडीत टॅपेट लवकर शांत झाले आणि सेल्फला जोर कमी लागला. दुपारचं प्रेशर पूर्वीइतकंच राहिलं.

सीआय-४ च का, यावर दुकानदारांशी बरीच चर्चा झाली. आता सीके-४ सुद्धा मिळतं. त्यात राख कमी ठेवलेली असते ती सायलेन्सरमध्ये पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा) असणाऱ्या गाड्यांसाठी. आपल्या १०३५ ला असला फिल्टरच नाही, मग जादा पैसे कशाला? घातलं तर बिघडत काही नाही. उलट्या बाजूला, बाजारात नुसतं ‘ट्रॅक्टर ऑइल’ असं लिहिलेले सुट्टे डबेही येतात. ज्या डब्यावर एपीआयचा दर्जा आणि एसएईचा नंबर दोन्ही स्पष्ट छापलेले नाहीत तो मी हातात घेत नाही. मी इंडियन ऑइलच्या पंपावरून सर्वोचं घेतलं. त्याच दर्जाचं दुसऱ्या चांगल्या कंपनीचं असतं तरी चाललं असतं. नाव काय आहे त्यापेक्षा डब्याच्या मागचा बारीक मजकूर वाचा.

अजून एक गोष्ट बदलली आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही: डिझेल. नानांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. जळल्यावर त्याचं आम्ल होतं, ते मारायला ऑइलमध्ये क्षार लागतात, म्हणून जुन्या पुस्तकांत ऑइल लवकर बदला असं बजावलेलं असतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आहे, गंधक १० पीपीएमवर (दहा लाखांत दहा भाग) आलं आहे. ऑइलवरचा तो ताण जवळजवळ संपला. तरीही मी बदलण्याचे तास वाढवलेले नाहीत, कारण घासलेल्या रिंगांतून येणारी काजळी आणि बांधावरची धूळ काही कमी झालेली नाही.

नवं ऑइल टाकल्यावर ते बघता बघता काळंभोर झालं. घाबरू नका. वर्षानुवर्षं साचलेला गाळ नवं ऑइल सोडवून आणतं. पहिल्या खेपेला मी ऑइल आणि फिल्टर दोन्ही नेहमीपेक्षा निम्म्या तासांतच बदलले. जुना फिल्टर कापून उघडला तर कागदाच्या प्रत्येक घडीत काळा लगदा बसला होता. दुसऱ्या खेपेचा फिल्टर त्या मानाने स्वच्छ निघाला. ज्यांचं इंजिन कित्येक वर्षं साध्या ऑइलवर चाललं आहे त्यांनी ही पहिली बदली लवकर कराच, नाहीतर तो गाळ फिल्टर तुंबवतो.

गळतीचं म्हणाल तर थोडी वाढली. या जुन्या इंजिनांना क्रँकच्या मागच्या टोकाला दोरीचं सील असतं. गार इंजिनात १५डब्ल्यू-४० हे चाळीस नंबरपेक्षा पातळ, त्यामुळे ट्रॅक्टर नुसता उभा असताना तिथून झिरपतं. क्लच हाउसिंगच्या तळाला भोकात एक खिट्टी लोंबकळत असते, तिच्या टोकाला सकाळी एक थेंब दिसतो. ती खिट्टी काढून भोक बुजवू नका. भोक बुजलं तर ऑइल आत साचून क्लच प्लेटवर जातं. थेंबच असेल तर खुशाल राहू द्या, धार लागली तर मात्र इंजिन वेगळं करून सील बदलण्याला पर्याय नाही.

(ऑइल बाथ एअर क्लीनर, म्हणजे इंजिनाची हवा ऑइलातून गाळणारं भांडं, त्याच्या वाटीतही हेच इंजिन ऑइल. उन्हाळी नांगरटीत ती वाटी रोज बघावी. नव्या महाग ऑइलची सगळी पुण्याई तिथून आत जाणारी धूळ धुऊन टाकते.)

आता मागचं घर. जुन्या मॅसीत खरा घोळ होतो तो इथेच.

हॅरी फर्ग्युसनच्या मूळ रचनेत लिफ्टचा पंप बाहेर नाही. तो मधल्या घराच्या पोटात, ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि पीटीओच्या (मागची अवजारं फिरवणाऱ्या) शाफ्टवर फिरतो.  गिअर, क्राउन-पिनियन (डिफरन्शियलचे मुख्य गिअर), पंप, कंट्रोल व्हॉल्व्ह, लिफ्टचा सिलिंडर, सगळे त्याच तीसेक लिटर ऑइलवर जगतात. गिअरला दातांच्या मध्ये टिकणारा जाड थर पाहिजे. पंपाला सहज ओढता येईल असं पातळ ऑइल पाहिजे. दोघांचं भांडण एकाच ऑइलने मिटवायचं असतं.

आमच्याकडे वर्षानुवर्षं मिस्त्री नव्वद नंबर भरत आले. “भाऊ, नव्वदच टाका, लिफ्ट बसत नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते चुकीचं बोलत नाहीत. जाड ऑइल लिफ्टच्या घासलेल्या रिंगांतून हळू निसटतं, म्हणून इंजिन बंद केल्यावर उचललेलं अवजार जास्त वेळ वर राहतं. पण जानेवारीच्या सकाळी तेच नव्वद नंबर काकवीसारखं होतं. पंपाला ओढता येत नाही, लिफ्ट झटके देत उचलते, आतून कण्हल्यासारखा आवाज येतो. ऑइल तापेपर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर पंप अर्धा उपाशी फिरत असतो. पंप झिजतो तो याच वेळात.

नंबरांबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकतो. गिअर ऑइलचं ९० आणि इंजिन ऑइलचं ४० ही वेगवेगळ्या मापपट्ट्यांवरची माणसं आहेत. तापल्यावर गिअरचं ९० हे इंजिनाच्या ४०-५० च्या आसपासच येतं. नव्वद म्हणजे चाळीसच्या दुप्पट जाड असं अजिबात नाही.

जाडीपेक्षा मला जास्त खटकलं ते डब्यावरचं जीएल-५, म्हणजे गिअर ऑइलचा दर्जा. हे ऑइल हायपॉइड (दातांवर जास्त घासा येणाऱ्या) डिफरन्शियलसाठी बनतं, त्यात गंधक-फॉस्फरसचे पदार्थ भरपूर असतात आणि गरम झाल्यावर ते पितळ, कांसे अशा पिवळ्या धातूंना खातात. जुनं ऑइल काढलं तेव्हा थोडं पांढऱ्या थाळीत ओतून उन्हात तिरकं धरलं. राखाडी लगद्यात बारीक सोनेरी चमक होती. लोखंडाचा कीस ड्रेन प्लगला थोडाफार चिकटतोच, त्याचं मला काही वाटलं नाही. सोनेरी चमक म्हणजे कुठलं तरी बुश झिजतंय. तिथेच ठरवलं की या घरात जीएल-५ पुन्हा नाही. ज्यांना जाडच ऑइल हवं त्यांनी निदान जीएल-४ शोधावं.

एका दुकानदाराने ६८ नंबर हायड्रॉलिक ऑइल सुचवलं होतं. जेसीबीला तेच लागतं, स्वस्तही पडतं. ज्या ट्रॅक्टरला लिफ्टची टाकी वेगळी आहे तिथे त्याचा विचार होऊ शकतो. आपल्या घरात मात्र त्याच ऑइलवर क्राउन-पिनियन फिरतो, आणि ६८ नंबरमध्ये गिअरला लागणारं संरक्षण नसतं. लिफ्ट सुरेख चालेल आणि गिअर रडतील.

म्हणून यूटीटीओ. ते बनवलेलंच अशा एकत्र घरासाठी असतं: गिअर, हायड्रॉलिक आणि ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक तिन्ही सांभाळणारं. दुकानात ‘वेट ब्रेकचं ऑइल’ म्हणालात तर लगेच कळेल. आपले ब्रेक कोरडे आहेत, पण म्हणून ते चालत नाही असं नाही.

बदलताना काम घाईत उरकलं नाही. दिवसभर नांगरट करून ऑइल गरम असताना खालचे सगळे प्लग उघडले आणि रात्रभर निथळू दिलं. एकच प्लग उघडला तर पुढच्या कप्प्यातलं बरंच ऑइल आतच राहतं. बाजूचं कव्हर काढून तळाचा गाळ सुती कापडाने पुसला, पंपाची जाळी डिझेलमध्ये धुतली, नवं गास्केट लावलं. आत डिझेल भरून ट्रॅक्टर फिरवायचा सल्ला मिळाला होता, तो मानला नाही. पंपाला डिझेलवर पळवणं मला पटत नाही.

उन्हाळी नांगरटीत काहीच अडचण आली नाही. गिअर पडायला हलके झाले. ड्राफ्ट कंट्रोलचा फरक लक्षात राहण्यासारखा आहे: कठीण जमीन लागली की नांगर किंचित वर येतो आणि पुन्हा बसतो, ती हालचाल पूर्वी उशिरा आणि धक्क्याने व्हायची, आता वेळेवर होते. थंडीत तर प्रश्नच मिटला, सकाळी पहिल्याच खेपेला लिफ्ट न अडखळता वर.

आता तोटे. दुपारी ऑइल तापल्यावर इंजिन बंद केलं की रोटाव्हेटर पूर्वीपेक्षा लवकर खाली येतो. लिफ्टच्या पिस्टनची रिंग घासलेली आहे, नव्वद नंबर ते झाकत होतं. दुसरं, डाव्या चाकाकडचं ॲक्सल सील पाझरायला लागलं, ऑइल ब्रेकच्या लायनरवर गेलं आणि ब्रेक एका बाजूला ओढायला लागला. सील आणि लायनर बदलावे लागले. ब्रेकचा विषय असल्याने हे पुढे ढकलू नका. ट्रॉली भरून रस्त्यावर जाणाऱ्याने तर नाहीच.

पावसाळ्यात एक गोष्ट सांभाळावी लागते. गिअरच्या दांड्याचा रबरी बूट फाटला की पावसाचं पाणी सरळ मागच्या घरात उतरतं. जाड गिअर ऑइलात पाणी तळाशी बसायचं, सकाळी प्लग सैल करून दोन-चार थेंब काढता यायचे. यूटीटीओ थोडं पाणी स्वतःतच धरून ठेवतं, त्यामुळे ती युक्ती चालत नाही. ऑइल दुधाळ दिसलं तर तापलेल्या तव्यावर एक थेंब टाका. नुसता धूर आला तर ठीक, चर्रकन तडतडला तर पाणी आहे. आमच्याकडे श्रावणात एकदा हलकंसं तडतडलं. बूट बदलला, ट्रॅक्टर शेडमध्ये घेतला, पुढे काही झालं नाही.

डम्पिंग ट्रॉलीबद्दलही सांगायला हवं. दुसऱ्याची ट्रॉली आपल्या ट्रॅक्टरला जोडली की तिच्या जॅकमधलं ऑइल आपल्या घरात येतं आणि आपलं तिकडे जातं. तिथे कुणी काय भरलंय, किती माती आहे, कुणाला ठाऊक. भावकीतली ट्रॉली असली तरी हल्ली मी आधी पाइपचं तोंड पुसतो आणि कुठलं ऑइल आहे ते विचारतो.

खर्चाचं गणित असं की यूटीटीओ नव्वद नंबरपेक्षा महाग पडतं आणि वीस लिटरची एक बादली पुरत नाही. पण हे ऑइल हजारेक तास चालायचं असतं आणि आमच्यासारख्या मोजकं काम असणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरला तेवढे तास भरायला काही वर्षं लागतात. पंप काढून दुरुस्त करायच्या खर्चापुढे ही रक्कम मला जड वाटली नाही.

झेटर, फोर्ड किंवा बी-२७५ असणाऱ्यांनी माझं वाचून थेट यूटीटीओ भरू नये. आपल्या ट्रॅक्टरला लिफ्टची टाकी वेगळी आहे की घर एकत्र, ब्रेक कोरडे की ओले, हे आधी पुस्तकात पाहा. गव्हाची काढणी उरकली की मी लिफ्टचं झाकण उचलून पिस्टनची रिंग बदलून घेणार आहे, आणि हात लागलेच आहेत तर उजव्या बाजूचं ॲक्सल सीलही.