चॅप्लिनच्या गल्लीत चॅप्लिनचे आत्मचरित्र

दक्षिण लंडनमध्ये आम्ही राहतो त्या भागातील सार्वजनिक ग्रंथालयात महिन्यातून एका संध्याकाळी बुक क्लब भरतो. त्याला वर्गणी नाही. निवडलेल्या पुस्तकाच्या प्रती ग्रंथालयच महिनाभर आधी सदस्यांना देते आणि चर्चा तेथील ग्रंथपाल बाई चालवतात. या वेळी चार्ली चॅप्लिन यांचे १९६४ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र घेतले होते. ते या ठिकाणी वाचण्याला विशेष अर्थ होता, कारण पुस्तकाचा सर्वांत सकस भाग ज्या केनिंग्टन आणि लॅम्बेथमध्ये घडतो, तो परिसर आमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. लहानग्या चॅप्लिनला, त्याचा थोरला भाऊ सिडनी याला आणि त्यांची आई हॅना हिला जेथे आसरा घ्यावा लागला, त्या लॅम्बेथच्या वर्कहाउसच्या, म्हणजे निराधार गरिबांकडून काम करवून घेऊन त्यांना ठेवणाऱ्या आश्रयगृहाच्या, एका इमारतीत आज सिनेमाचे संग्रहालय आहे.

या क्लबची पद्धत मला मनापासून आवडते. चर्चा मतांनी सुरू होत नाही. कोणीतरी एक उतारा मोठ्याने वाचतो आणि मग बोलणे त्या उताऱ्याला धरूनच चालते. या वेळी ऑल्डरशॉट या लष्करी छावणीच्या गावातल्या नाट्यगृहातील प्रसंग वाचला गेला. सैनिकांपुढे गाताना हॅनाचा आवाज फाटतो, प्रेक्षक हुर्यो उडवतात, ती विंगेत परतते आणि व्यवस्थापक पाच वर्षांच्या चार्लीला तिच्या जागी रंगमंचावर उभा करतो. गाणे अर्ध्यावर असताना नाणी पडू लागतात, तेव्हा तो थांबून जाहीर करतो की आधी पैसे गोळा करीन आणि मग गाईन, लोक हसतात. पुढे आईचे गाणे म्हणताना तिचा फाटलेला आवाजही तो निरागसपणे जसाच्या तसा काढतो आणि त्यावर तर हशा अधिकच वाढतो. ती रात्र त्याची रंगमंचावरची पहिली आणि आईची शेवटची ठरली.

हा प्रसंग मी पूर्वी एकटीने वाचला होता, तेव्हा एका अलौकिक बालकलाकाराचा उदय म्हणून तो मला आनंदाचा वाटला होता. समूहात ऐकताना मात्र मला प्रथमच विंगेत उभी असलेली हॅना दिसली. एका वृद्ध सदस्याने विचारले की जगाला हसवण्याची सुरुवात आईच्या हरपलेल्या आवाजाची नक्कल करून झाली, हे पंचाहत्तरीत लिहिणाऱ्या माणसाला किती सलत असेल; त्यावर अर्धा तास बोलणे झाले आणि ते एकदाही भरकटले नाही. तापातून उठणाऱ्या मुलाला खिडकीजवळ बसून येशूची कथा साभिनय वाचून दाखवणारी, वर्कहाउसमध्ये लेस विणून मिळालेल्या पैशांतून मुलांसाठी नारळाची मिठाई आणणारी हीच आई नंतर मनोरुग्णालयात जाते. माझ्या मते हे पुस्तक तिचेच आहे, आणि ती पानांवरून दूर होते तसतसे ते विरळ होत जाते.

उत्तरार्धाविषयी म्हणूनच मला खंत वाटते. जवळपास पाचशे पानांच्या या ग्रंथात भेटलेल्या थोरामोठ्यांच्या मेजवान्यांना भरपूर जागा मिळते, पण चित्रपटातला एखादा प्रसंग कसा रचला, कितीदा मोडला आणि पुन्हा उभा केला, हे फारसे कळत नाही. दुसऱ्या विवाहाची बोळवण तर पत्नीचे नावही न घेता काही ओळींत होते. याला एक हृद्य अपवाद म्हणजे १९३१ साली पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत झालेली गांधीजींची भेट. यंत्रांना आपला विरोध का, असे चॅप्लिन विचारतात आणि गांधीजी त्याची सांगड भारताच्या स्वातंत्र्याशी घालून उत्तर देतात. हा भाग वाचण्याची विनंती मी केली होती. चरख्यामागचे अर्थकारण समजावून सांगण्याची संधी मला मिळाली आणि सर्वांनी ते लक्षपूर्वक ऐकले, याचे मला फार समाधान वाटले.

क्लबच्या व्यवस्थेत दोन उणिवा आहेत. मोठ्या अक्षरांतील एकही प्रत नव्हती, त्यामुळे दोन ज्येष्ठ सदस्य पुस्तक पुरते वाचू शकले नाहीत. आणि एवढ्या मोठ्या ग्रंथाला दीड तास अपुराच पडला. वर्कहाउसमधून एका दिवसापुरते बाहेर पडून आई आणि दोन्ही मुले केनिंग्टन पार्कमध्ये काळ्या चेरी खातात, वर्तमानपत्राच्या चेंडूने खेळतात आणि संध्याकाळी पुन्हा आत दाखल होतात, ते अप्रतिम पान उघडण्याआधीच ग्रंथालय बंद करण्याची वेळ झाली. ग्रंथपाल बाईंनी प्रतींची मुदत महिनाभर वाढवून दिली असून पुढच्या बैठकीचा पहिला अर्धा तास त्या पानासाठी राखून ठेवला आहे.