पीडीपी-११/२३: हँडलवरचा नंबर खरा, पण पुरा नाही

आधी गुण. या जुन्या संगणकाचे सर्किट बोर्ड ओळखण्याच्या सोयीला ५ पैकी ४, बॅकप्लेनला (बोर्ड खोचायच्या स्लॉटच्या चौकटीला) २.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा, म्हणजे डेकचा, हा मिनीकॉम्प्युटर १९७९चा. पुण्यात असा डबा हाती लागलाच तर बहुधा भंगारातून. आणि भंगारवाला बोर्ड वजनावर तोलतो, कारण त्याला दिसतो तो कडेच्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा. पट्ट्या कापलेला बोर्ड फुकट मिळाला तरी घेऊ नका.

पाट्या लावण्यात डेक आपल्या पुणेकरांच्या तोडीची कंपनी. प्रत्येक बोर्डाच्या प्लास्टिक हँडलवर नंबर छापलेला असतो. एम८१८६ म्हणजे ११/२३चा सीपीयू, एम८०४४ मेमरी, एम८०४३ चार सिरीयल लाइन्स, एम८०२९ आरएक्स०२ फ्लॉपीचा कंट्रोलर, एम८०१२ बूट रॉम आणि टर्मिनेटर. हँडल तुटलं असेल तर तांब्यात कोरलेला ५० ने सुरू होणारा नंबर शोधा. तो कोऱ्या पीसीबीचा असतो आणि त्यावरूनही माग लागतो. चिपवरचे ७९३८ सारखे चार आकडे मात्र बोर्डाचा नंबर समजू नका, तो १९७९चा ३८वा आठवडा आहे. एम-नंबर कुठेच नसेल आणि एम्युलेक्स किंवा डायलॉग असं नाव दिसलं तर बोर्ड दुसऱ्या कंपनीचा. त्याचं मॅन्युअल मिळाल्याशिवाय पैसे मोजू नका.

एक सापळा. एम-नंबर आणि चार कनेक्टर दिसले म्हणजे बोर्ड ११/२३चाच असं नाही. एम८३००, एम८३१०, एम८३३० हे डेकच्याच जुन्या पीडीपी-८/ई चे. स्लॉटमध्ये बसतात ऐटीत, पण बस, म्हणजे बोर्डांना जोडणाऱ्या सामायिक तारा, वेगळी.

नंबर पुरा का नाही, ते मेमरीवर कळतं. एम८०४४ वर १६ किलोबिटच्या ३२ चिप असतील तर ६४ केबी, निम्म्याच जागा भरलेल्या असतील तर ३२. तोच बोर्ड ४ किलोबिटच्या ३२ चिपांचा असेल तर फक्त १६ केबी. हँडल तिन्हींचं एकच! सीपीयूचंही तसंच. एम८१८६ वर ४० पायांच्या तीन जागा असतात: एक मुख्य जोडचिपेची (एका तुकड्यावर दोन चिपा), एक मेमरी मॅनेजमेंटची, एक फ्लोटिंग पॉइंटची. मेमरी मॅनेजमेंटची चिप कुणी काढून घेतली असेल तर उरतो १६ बिटांचा पत्ता. भाव ठरवताना सॉकेट मोजा.

एम८०४३ वर पत्ता आणि बॉड रेट (डेटाचा वेग) छोट्या खुंट्यांवर तार गुंडाळून ठरवतात. कन्सोल, म्हणजे यंत्राशी बोलायचं मुख्य टर्मिनल, ३ नंबरच्या चॅनेलवर असतो (मोजणी ० पासून, म्हणजे चौथ्या). आधीच्या मालकाने खुंट्या बदलल्या असतील तर टर्मिनलवर अक्षरही उमटत नाही आणि चांगला बोर्ड मेलेला ठरतो.

आता बॅकप्लेन. बीए११-एन डब्यातला एच९२७३ नऊ स्लॉटचा. त्याच्या चार कनेक्टरांपैकी ए-बी बाजूला ११/२३ची क्यू-बस, सी-डी बाजूला फक्त शेजारच्या बोर्डांना जोडणाऱ्या तारा. आरएल डिस्कचे एम८०१३ आणि एम८०१४ हे जोडबोर्ड याच तारांवर एकमेकांशी बोलतात, म्हणून एकटा मिळालेला बोर्ड बिनकामाचा. याउलट एच९२७० मध्ये चारही कनेक्टरांवर बस, आणि ती नागमोडी फिरते: पहिल्या ओळीत डावीकडून उजवीकडे, दुसरीत उलट. दोन्हींचे स्लॉट वरून सारखेच दिसतात, आणि डेकने एवढ्या पाट्या लावून नेमकी ही पाटी विसरावी! म्हणून बोर्ड उपसण्याआधी फोटो काढा, प्रत्येकावर स्लॉट नंबराची चिकटपट्टी लावा. मध्ये स्लॉट रिकामा राहिला की इंटरप्टची (बोर्डाने सीपीयूला मारलेल्या हाकेची) परवानगी पुढे जात नाही. तिथे एम९०४७ हे छोटं जोडकार्ड लागतं.

पट्ट्या आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसा. अल्कोहोल तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक मालाच्या बाजारात, मागा. पॉलिश पेपर नको, मुलामाच निघतो. पावसाळ्यात पडून राहिलेल्या बोर्डावर हिरवट बुरशीसारखं दिसतं ते गंजलेलं तांबं.

वीज देण्याआधी मागची पाटी वाचा. डबा ११५ व्होल्टचा असेल आणि आपल्या २३० वर लावला तर सप्लाय गेलाच. मल्टिमीटर बीपवर (कंटिन्युइटीवर) ठेवून बॅकप्लेनच्या एए२ (+५) आणि एसी२ (ग्राउंड) या पिना तपासा, मग एडी२ (+१२) आणि एसी२. बीप आला तर बहुधा टँटलम कपॅसिटर शॉर्ट. दोन कनेक्टरचा बोर्ड उलटा खुपसला तर व्होल्टेज भलत्याच पायावर जातं आणि चिपा जळतात, म्हणून घटकांची बाजू इतर बोर्डांशी जुळवूनच घाला.

शेवटची ओळखपरेड यंत्रच घेतं. एम८०१२ वरचा स्विच हॉल्टवर ठेवून चालू केलं की टर्मिनलवर @ येतं. तिथे 777170/ टाइप करा. आकडा आला तर फ्लॉपी कंट्रोलर हजर, ? आलं तर त्या पत्त्यावर कुणी नाही. आरएल डिस्कसाठी 774400/. रिकाम्या स्लॉटचा दोष मात्र या चाचणीत पकडला जात नाही: पत्ता नीट वाचला जातो, इंटरप्ट तेवढा येत नाही.