‘कागदपत्रांचं आम्ही बघतो’ : बालीतल्या लग्नाच्या नावाखाली झालेली फसवणूक

बालीला जाऊन दोघांनीच गुपचूप लग्न करायचं तुमच्या मनात असेल आणि एखादी प्लॅनर ‘कागदपत्रांचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त या’ म्हणत असेल, तर पुढचे पैसे पाठवण्याआधी हे वाचा. आमची अर्ध्याहून जास्त रक्कम याच एका वाक्यावर गेली.

आम्हा दोघांचे धर्म वेगळे. इथे नोंदणी करायची तर 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लागते आणि हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. तेवढ्यात घरी कळणार, रडारड होणार, हे आम्हाला नको होतं. अशी जोडपी या टोळ्या बरोबर हेरतात. त्या फुलांची कमान आणि समुद्र विकत नाहीत, त्या 30 दिवसांतून सुटका विकतात.

प्लॅनर स्वतः तिथेच स्थायिक झालेली भारतीय आहे असं सांगायची. पेजवर उलुवाटूच्या कड्यावरचे एकाहून एक सुंदर फोटो. बोलणं आर्जवी, प्रत्येक वाक्यात ‘दीदी’. सजावट, विधी, फोटोग्राफर, व्हिला आणि ‘सरकारी मॅरेज सर्टिफिकेट’ असं पॅकेज होतं. धर्म वेगळे असल्याचं मी पुन्हापुन्हा विचारलं. उत्तर ठरलेलं : ‘टुरिस्टांना इथे धर्म विचारत नाहीत, तासाभरात सर्टिफिकेट हातात.’

हे धादांत खोटं आहे. इंडोनेशियाच्या 1974 च्या विवाह कायद्यानुसार लग्न वर-वधूच्या धर्माप्रमाणे लागलं तरच वैध ठरतं आणि त्यानंतर त्याची सरकारी नोंद होते. दोघांचा धर्म कागदोपत्री एकच असावा लागतो. भिन्नधर्मीय जोडपी पूर्वी कधीकधी कोर्टाकडून नोंदणीची परवानगी मिळवायची, पण असे अर्ज मंजूर करू नयेत असं परिपत्रक तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये काढलं. शिवाय परदेशी माणसाला लग्नाला कायदेशीर अडथळा नसल्याचं पत्र आपल्या देशाच्या वकिलातीकडून आणावं लागतं. आमच्याकडे हे पत्र तिने कधी मागितलंच नाही. मागितल्या त्या फक्त पासपोर्टच्या प्रती. भारतीय वकिलातीतच लग्न लावावं म्हटलं तरी 1969 च्या विदेशी विवाह कायद्यात आधी तिथे 30 दिवस राहण्याची अट आहे. म्हणजे तासाभरात सर्टिफिकेट देणारी वाट कुठूनच निघत नाही.

प्रामाणिक प्लॅनर हे पहिल्याच बोलण्यात सांगतात : नोंदणी आपल्या देशात करून या, इथे होईल तो फक्त समारंभ, कायद्याने त्याला अर्थ नाही. हे ऐकून ग्राहक हिरमुसतो आणि गोड बोलणाऱ्याकडे वळतो. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त चीड याची येते.

पैशांची पद्धतही लक्षात घ्या. पहिला हप्ता लिंकवरून कार्डाने घेतला, रीतसर पावती आली. दुसऱ्या वेळी ‘परदेशी व्यवहाराचं शुल्क वाचेल’ म्हणून भारतातल्या एका खासगी खात्यावर पैसे मागितले. खातं भलत्याच नावाचं, ते म्हणे ‘आमचे अकाउंटंट’. व्हिडिओ कॉल म्हटलं की नेटवर्क नाही. आणि सतत एक प्रेमळ सल्ला : ‘कुणाला सांगू नका दीदी, नजर लागते.’ साध्या लग्नात मामा, काका, आत्या मिळून शंभर प्रश्न विचारतात. इथे ते विचारणारं कुणीच नव्हतं, आणि तसं कुणी नसावं याची ती काळजी घेत होती.

बिंग फुटलं ते तारखेवरून. लग्नाआधीचे दोन दिवस राहायला खोली हवी म्हणून आम्ही तिथल्या एका हॉटेलला थेट फोन केला. आमची तारीख ऐकून पलीकडची मुलगी गप्पच झाली. त्या दिवशी न्येपी होता. बालीच्या शक पंचांगातलं हे नववर्ष, पूर्ण मौनाचा दिवस. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत विमानतळ बंद, रस्ते ओस, दिवे मंद, मोबाइल इंटरनेटसुद्धा बंद. पर्यटकांनाही हॉटेलच्या आवारातच राहावं लागतं. पेचालांग नावाचे पारंपरिक रक्षक रस्त्यांवर गस्त घालतात. बालीत राहणारा कुठलाही माणूस या दिवशी कड्यावर लग्न ठरवणार नाही.

आम्ही प्लॅनरला विचारलं. ती क्षणभरही गडबडली नाही. म्हणाली, पेचालांगची स्पेशल परवानगी काढून देते, तेवढी फी आजच पाठवा. मग व्हिलाला विचारलं, तर आमच्या नावाचं बुकिंगच नव्हतं. पेजवरचे फोटो मुळात कुणाचे आहेत हे इंटरनेटवर शोधून पाहिलं, ते दुसऱ्याच देशातल्या एका छायाचित्रकार बाईंचे निघाले. त्यांना कळवल्यावर त्यांनी लगेच उत्तर दिलं. त्यांचे फोटो चोरीला जाण्याची ही पहिली वेळ नव्हती. त्या संध्याकाळी प्लॅनरने आम्हाला ब्लॉक केलं.

तुम्ही अशा व्यवहारात असाल तर तिला एवढंच विचारा : आमची नोंद कोणत्या सरकारी कार्यालयात होणार आणि तिथे कोणकोणते कागद लागणार? कार्यालयाचं नाव घेऊन तिथे स्वतः चौकशी करा. व्हिलाच्या बुकिंगची खात्री तिच्यामार्फत नको, थेट व्हिलाकडून करा.

पैसे गेलेच असतील तर वेळ घालवू नका. 1930 वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोचली तर ते गोठवता येतात. आमची थोडी रक्कम अशी अडकवली गेली आहे, ती सोडवण्याची प्रक्रिया चालू आहे. कार्डाने भरलेल्या हप्त्याबद्दल बँकेकडे वेगळी तक्रार करा. आणि पासपोर्टच्या प्रती दिल्या असतील तर तेही तक्रारीत लिहा, म्हणजे उद्या त्या कागदांवर कुणी सिमकार्ड काढलं किंवा खातं उघडलं, तर दाखवायला आधीची नोंद असेल.