एआय गव्हर्नन्सचा ऑनलाइन कोर्स: सहा महिन्यांनंतरचा अनुभव, आणि तो एक तास

एआय गव्हर्नन्स म्हणजे एआय कसं वापरावं याचे नियम आणि त्यावरची देखरेख. त्याचा कोर्स मी केला. परवा त्याच कोर्सच्या पुढच्या बॅचची मेल आली, ‘तुमच्या ओळखीच्यांना सांगा’ म्हणून. सांगते. संस्थेचं नाव घेत नाही, कारण भांडण मिटलंय आणि ते उकरून काढायची इच्छा नाही. बारा आठवडे, दर बुधवारी दीड तास, लंडनच्या वेळेवर. फी १८,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,८३० रुपये. अभ्यासक्रमात काय काय आहे ते त्यांच्या पानावर वाचा, मी पुन्हा लिहीत बसत नाही.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी बघते, एकवीस वर्षं झाली. एआयशी माझा संबंध लाइनवरच्या कॅमेऱ्यापुरता. स्क्रू राहिला की तो लाल दिवा लावतो. २०२५ च्या जुलैत जर्मन कस्टमरची वार्षिक प्रश्नावली आली, त्यात नवीन भाग होता: कारखान्यात एआय कुठे कुठे वापरता, कामगारांच्या चेहऱ्यावरून त्यांच्या भावना ओळखणारी यंत्रणा आहे का (आमच्याकडे सुपरवायझर आहे, तो पुरतो), आणि संबंधित लोकांना एआयचं प्रशिक्षण दिल्याचं रेकॉर्ड जोडा. युरोपच्या एआय कायद्यातलं चौथं कलम एआय साक्षरतेचं आहे आणि ते २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालं. बंधन खरं तिकडच्या कंपन्यांवर, पण कस्टमरला सर्दी झाली की व्हेंडरला काढा प्यावा लागतो. साहेब म्हणाले, “मॅडम, आयएसओचं सगळं तुम्हीच वाचता, हेही बघून टाका. सर्टिफिकेट आणा, बिल पास करतो.”

‘सर्टिफिकेट आणा’ हे दोन शब्द लक्षात ठेवा.

पहिले चार आठवडे मी मनातल्या मनात पाचपैकी दोनच तारे दिले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्लेचली पार्क, मे २०२४ मध्ये सोल, फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅरिस, नुसती एआयवरच्या जागतिक परिषदांची चारधाम यात्रा. कुठल्या जाहीरनाम्यावर कोणी सही केली, पॅरिसला अमेरिका आणि ब्रिटननं का केली नाही, यावर एक अख्खा बुधवार गेला. त्यात वाचनाच्या यादीत बायडन यांचा एआयबद्दलचा ऑक्टोबर २०२३ चा आदेश असा मांडलेला की जणू तो आजही चालू आहे. तो २० जानेवारी २०२५ लाच रद्द झाला. मी विचारलं तर उत्तर मिळालं, ‘ऐतिहासिक संदर्भ म्हणून ठेवलाय’. कारखान्यात जुन्या रिव्हिजनचं ड्रॉइंग लाइनवर सापडलं तर मी ऐतिहासिक संदर्भ म्हणून सोडत नाही.

आणि पैशांचं म्हणाल, तर यादीतलं जवळजवळ सगळं फुकट आहे. युरोपचा कायदा त्यांच्या राजपत्रात कुणीही उघडावा: ११३ कलमं, १३ परिशिष्टं, १४४ पानं. सीबीएसजवळ, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्टँडजवळ, पाठपोट झेरॉक्स आणि स्पायरल मिळून १८४ रुपये लागले. अमेरिकेच्या निस्ट या मानक-संस्थेची एआयच्या जोखमीची चौकट फुकट, आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा फुकट. मग २१,८३० कशाचे, हा प्रश्न मी दर बुधवारी रात्री अकरा वाजता स्वतःला विचारत होते.

पाचव्या आठवड्यापासून उत्तर मिळायला लागलं. आठ जणांचा गट होता: नैरोबीची एक मुलगी, लिस्बनचा वकील, मनिलाची सरकारी अधिकारी वगैरे. त्या दिवशी ऑस्ट्रेलियाचं रोबोडेट निघालं. तिथल्या सरकारनं भत्ता घेणाऱ्यांचं वर्षाचं उत्पन्न करखात्याकडून उचललं, त्याला २६ पंधरवड्यांनी भागलं, आणि ती सरासरी लोकांनी स्वतः कळवलेल्या आकड्याशी जुळली नाही की थेट वसुलीची नोटीस. ज्यानं सहा महिने काम केलं आणि सहा महिने घरी बसला, त्याची सरासरी कशी जुळणार? हे म्हणजे अख्ख्या लॉटचं सरासरी माप काढून प्रत्येक नग तेवढाच आहे असं धरणं. पहिल्या वर्षाच्या ट्रेनीलासुद्धा आम्ही यावरून झापतो. योजना बेकायदा ठरली, २०२३ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्यावरून असंच काहीसं झालं, तिथं दुहेरी नागरिकत्वसुद्धा संशयाच्या हिशेबात धरलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये त्यावरून आख्खं सरकार पडलं. मी तेलंगणातल्या रेशनकार्डांचं सांगितलं: सुमारे १९ लाख कार्डं रद्द झालेली, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्यक्ष फेरतपासणी करायला लावली. मनिलाच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडचं ऐकाल तर रात्र पुरणार नाही. तिथे माझे दोनाचे चार तारे झाले. कायदा झेरॉक्स करता येतो, ही माणसं नाही.

मग आपापल्या गावावर धोरण-टिपण लिहायचं होतं. नाशिककराला विषय शोधावा लागत नाही: २०२७ चा सिंहस्थ. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्टला, आणि गंमत म्हणजे युरोपचा कायदा लागू होण्याचे मूळ टप्पेही बहुतेक २ ऑगस्टचेच. (आमच्या गटात हा विनोद कुणालाच कळला नाही.) मी सुरुवातीला लिहिलं होतं की रामकुंडावर कॅमेरे हवेतच, वाद कसला? २००३ ला चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. त्या दिवशी माझे वडील गंगेवरच (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) होते, संध्याकाळपर्यंत पत्ता नव्हता. माझ्यासमोर खासगीपणाचं प्रवचन कुणी देऊ नये.

लिस्बनच्या वकिलानं एकच प्रश्न विचारला: तुझा कॅमेरा डोकी मोजणार आहे की चेहरे ओळखणार आहे? चेंगराचेंगरी टाळायला डोकी पुरतात. अमुक चौकात दर चौरस मीटरला किती माणसं झाली आणि ती कुठल्या बाजूला सरकतायत, एवढं कळलं की बॅरिकेड फिरवता येतं, त्यासाठी कुणाचं नाव लागत नाही. चेहरा ओळखणं हे वेगळं यंत्र आणि वेगळा प्रश्न. सार्वजनिक जागी पोलिसांनी लोकांचे चेहरे तिथल्या तिथे ओळखायला युरोपात बंदी आहे, पण अपवादही लिहिलेत, आणि त्यातला एक आहे हरवलेल्या माणसांचा शोध. तोही आधी परवानगी घेऊन, मोजक्या वेळेपुरता आणि मोजक्या जागेपुरता. कुंभातल्या ‘हरवले-सापडले’च्या तंबूपाशी उभं राहून लिहिल्यासारखं वाटलं मला ते कलम. मी टिपण फाडून परत लिहिलं: मोजणी सगळीकडे, ओळख फक्त हरवलेल्यांसाठी, आणि चेहऱ्यांचा साठा मेळा संपल्यावर कधी पुसणार ती तारीख आधीच जाहीर करायची. माझ्या मते संपूर्ण फीचा मोबदला त्या एका प्रश्नात वसूल झाला.

असं मी २२ ऑक्टोबरपर्यंत म्हणत होते. त्या बुधवारी पाडवा होता. नवऱ्याला ओवाळलं, ताट तसंच टेबलावर ठेवलं आणि साडेनऊला लॅपटॉप उघडला. सासूबाई म्हणाल्या, “पाडव्याला कुठली गं शाळा?” तरी बसले, कारण एक बुधवार पुण्याच्या ऑडिटमध्ये आणि एक सप्टेंबरच्या पावसात वीज जाऊन बुडाला होता. सर्टिफिकेटला ८० टक्के हजेरी लागते, म्हणजे बारातले दहा.

पुढच्या बुधवारी, २९ ला, ९.२८ ला हजर. स्क्रीनवर ‘होस्टची वाट पाहत आहोत’. पावणेदहा झाले, दहा झाले. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नैरोबीच्या मुलीनं विचारलं, तुलाही कुणी आत घेत नाहीये का? दहा वाजून पाच मिनिटांनी मी लॅपटॉप मिटला, क्लास रद्द झाला असं धरून झोपले. सकाळी लिस्बनकराचा मेसेज: काल मजा आली, तुम्ही दोघी कुठे होतात?

झालं असं होतं की २६ ऑक्टोबरच्या रविवारी युरोपातली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे गेली. लंडनचे संध्याकाळचे पाच आमच्याकडे साडेनऊचे साडेदहा झाले. नैरोबीत आणि नाशकात घड्याळ हलत नाही, म्हणून आम्ही दोघी गाळात. तिची आधीची हजेरी पूर्ण होती, तिला फरक पडला नाही. माझे बारातले नऊ झाले. ७५ टक्के.

आता यावर लोक म्हणतील, कॅलेंडरचं निमंत्रण स्वीकारलं असतं तर वेळ आपोआप बदलली असती. कबूल. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘बुध. ९.३०’. पण तो आकडा मी स्वप्नात पाहिलेला नाही. त्यांच्या पहिल्या मेलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: भारतीय वेळ रात्री ९.३०. ऑक्टोबरअखेर बदलेल, असं एक ओळसुद्धा नाही. जगभरातली माणसं गोळा करून ‘जागतिक दक्षिण’ या विषयावर दोन सत्रं घेता, आणि त्या दक्षिणेत बहुतेक ठिकाणी घड्याळ फिरवत नाहीत हे माहीत नाही?

पुढची चार सत्रं मी साडेदहा ते बारा जागून पुरी केली. सकाळी सातची कंपनीची बस. त्यातलं ५ नोव्हेंबरचं सत्र लक्षात राहिलं, कारण त्याच दिवशी आपल्या सरकारची एआय गव्हर्नन्सची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि वर्गात ती बातमी मी दिली. सात सूत्रं, आणि सध्या वेगळा कायदा न करता आहेत त्या कायद्यांवर भागवायचं धोरण. शिक्षकांनी पाच मिनिटं मलाच बोलायला लावलं. १९ नोव्हेंबरला तर कहर झाला, युरोपीय आयोगानं स्वतःच्याच कायद्यातली जास्त-जोखमीच्या एआय यंत्रणांवरची बंधनं लांबणीवर टाकायचा प्रस्ताव त्याच दुपारी मांडला. एआय साक्षरतेचं बंधनही सैल करायचं त्यात होतं. म्हणजे ज्या कलमापायी मी २१,८३० भरले तेच पातळ होण्याच्या रांगेत. साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

डिसेंबरात सर्टिफिकेटच्या जागी ‘सहभागाबद्दल आभार’ आलं. मदतीसाठी बॉट. ‘तुमची हजेरी ७५ टक्के आहे. पात्रता ८० टक्के. तुमचा प्रश्न सुटला का?’ खाली अंगठा वर, अंगठा खाली. चार वेळा अंगठा खाली केला, चार वेळा तेच उत्तर. मेल केली तर तिलाही तेच वाक्य. बारा आठवडे ज्यांनी मानवी देखरेख, दाद मागण्याची सोय, युरोपच्या कायद्याचं चौदावं कलम घोकून घेतलं, त्यांच्याकडे तीन आठवड्यांत एक माणूस ओ देईना. तेव्हा मी एक तारा दिला होता, तोही शून्य देता येत नाही म्हणून.

शेवटी माझ्या धंद्याचं हत्यार काढलं. त्यांना एनसीआर, म्हणजे त्रुटीचा लेखी अहवाल पाठवला, आम्ही व्हेंडरला पाठवतो तसा: त्रुटी, पुरावा म्हणून पहिल्या मेलचा स्क्रीनशॉट, मूळ कारण, काय दुरुस्ती करणार आणि कधीपर्यंत. खाली ठसक्यात लिहिलं की शिक्षणातलं मूल्यमापन करणारी यंत्रणा तुम्हीच शिकवलेल्या युरोपच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात जास्त-जोखमीची आहे, तेव्हा देखरेख करणाऱ्या माणसाचं नाव कळवा.

शिक्षकांचं उत्तर दोन दिवसांत आलं आणि माझी हवा गेली. त्यांनी लिहिलं, हजेरीचं ते काही एआय नाही, एक्सेलमधला भागाकार आहे. तुम्ही सांगताय ते परिशिष्ट इथे लागूच होत नाही. कोणी तरी वर्षापूर्वी सूत्र घातलं, बॉट ते वाचून दाखवतो, आणि तो रकाना बदलायचा अधिकार नेमका कुणाला हे मलाही शोधावं लागलं.

अर्धा दिवस मी ओशाळले. मग जेवताना आठवलं, रोबोडेट तरी काय होतं? २६ नं भागाकार.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला बुडालेल्या सत्राबद्दल ५०० शब्द लिहून द्यायला सांगितले. मी दिले, संक्रांतीच्या दिवशी सर्टिफिकेट आलं. कंपनीनं १८,५०० दिले. जीएसटी ‘पॉलिसीत बसत नाही’ म्हणून ३,३३० रुपये माझ्या खिशातून गेले, त्यावर वेगळं लिहावं लागेल. कस्टमरला रेकॉर्ड जोडलं, त्यांचं एका ओळीचं ‘धन्यवाद’ आलं.

आज विचाराल तर साडेतीन तारे. नुसता कायदा समजून घ्यायचा असेल तर पैसे भरू नका, सीबीएसला जा. चार देशांतल्या माणसांशी वाद घालायला मिळणार असेल तर भरा, पण गट किती जणांचा ते आधी विचारा. आमचा आठांचा होता, नव्या बॅचच्या मेलमध्ये ‘मोठे, उत्साही गट’ असं लिहिलंय, ते मला पटलेलं नाही.

त्याच मेलमध्ये वेळ दिलीये: भारतीय वेळ रात्री १०.३०, सुरुवात ११ मार्च २०२६. २९ मार्चला तिकडची घड्याळं तासभर पुढे जाणार, म्हणजे १ एप्रिलपासून तुमचा क्लास साडेनऊला. मेल शेवटपर्यंत वाचली, खालची बारीक अक्षरंसुद्धा. कुठेही लिहिलेलं नाही.