दही एक नंबर, पनीर मात्र बघूनच घ्या

सांगलीत आमच्या घराजवळ एक डेअरी आहे, नाव लिहीत नाही कारण पुढं तक्रार पण आहे. आधी चांगलं सांगतो. इथलं मडक्यातलं दही म्हंजे अक्षरशः सुरीनं कापावं असं, मडकं जास्तीचं पाणी ओढून घेतंय म्हणून अजून घट्ट. काकांना विचारलं विरजण कुठलं, तर म्हणाले कालचंच, दूध बोट सोसेल एवढं कोमट करायचं आन् चमचाभर लावायचं, बास. बाकी काम लॅक्टोबॅसिलससारख्या बॅक्टेरियाचं, दुधातली साखर खाऊन लॅक्टिक ॲसिड करतात आणि त्यानं दूध घट्ट होतं. कडकडीत दुधात विरजण घातलं की बिचारे मरतात, आमच्या हिनं दोनदा मारलेत (वाचत असशील तर सॉरी).

आता पनीर. मे महिन्यात दुपारी लाईट गेलेली, पनीर काउंटरवर उघडंच. घरी आणलं तर बोटाला चिकट लागलं आणि मी येडा, धुवून भाजीत टाकलं, म्हटलं शिजलं की मरतंय सगळं. रात्री पोरगं उलट्यांनी बेजार. डॉक्टर म्हणाले बॅक्टेरिया मरतात पण स्टॅफिलोकोकससारख्यांचं विष उकळून पण जात नाही. पनीरमुळंच झालं असं छातीठोक नाही सांगत, पण काकांना बोललो तर म्हणे "कुणाची तक्रार नाही ओ". हे पटलं नाही.

दह्याला पाच स्टार, पनीरला एक. दही पायजे तर सकाळी आठच्या आत जावा, नंतर मडकं शिल्लक नसतंय.