पात्यावरचा शिक्का की पात्याचा आकार?

मिशिगनमधला मिशिलिमॅकिनॅक किल्ला 1715 च्या सुमारास फ्रेंचांनी उभारला. तिथल्या मातीतून निघणारा घडीचा चाकू म्हणजे बहुधा नुसतं गंजलेलं पातं. लाकडी मूठ कधीच कुजलेली. मग ओळखायचा कसा?

शिक्का सापडला तर सोन्याहून पिवळं. क्ष-किरणांत गंजाखालची अक्षरं उमटतात, फ्रान्समधल्या सेंत-एतियेन या चाकूंच्या गावच्या कारागिराचं नावच हाती लागतं. पण नाव मिळालं म्हणजे साल मिळालं असं नाही: शिक्के वारशाने पुढे जात, तिएर या दुसऱ्या फ्रेंच चाकूंच्या गावात तर विकलेही जात. बापाचा चाकू की नातवाचा?

आकार नाव सांगत नाही. मात्र टोकाचा बाक, रिव्हेटचं भोक, स्प्रिंगसाठी घडवलेलं बूड (पात्याचं मुठीकडचं टोक) यांवरून प्रकार कळतो, अर्धवट तुकड्यावरूनही. मी तर आधी बूडच बघेन.